हादोपी: ग्राहकाला कडक, निर्मात्याला सैल असलेली एक फ्रेंच सरकारी सेवा

फ्रान्समध्ये स्वतःच्या नावावर इंटरनेट जोडणी घेतली की, न मागता आणि वेगळे पैसे न मोजता, एक सरकारी सेवा ग्राहकाच्या वाट्याला आपोआप येते. त्याच्या जोडणीवरून कोणी टोरेंटद्वारे, म्हणजे वापरणाऱ्यांच्या संगणकांनी आपसांत फाइलींची देवाणघेवाण करण्याच्या पद्धतीने, चित्रपट किंवा गाणी बेकायदा डाउनलोड केली, तर एक प्राधिकरण त्याला ईमेल पाठवून तसे कळवते, पुन्हा घडल्यास रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवते, आणि तिसऱ्यांदा घडल्यास त्याची फाइल सरकारी वकिलाकडे जाऊ शकते. ही सेवा ‘हादोपी’ या लघुनामाने ओळखली गेली. १ जानेवारी २०२२ पासून हे प्राधिकरण दृक्श्राव्य माध्यमांच्या नियामक संस्थेत विलीन झाले आणि तेच काम आता ‘आर्कोम’ या नावाने चालते. फ्रान्समध्ये शिकायला जाणारी मराठी मुले बहुधा तिघे-चौघे मिळून घर घेतात आणि जोडणी त्यांच्यापैकी एकाच्याच नावावर असते. त्यामुळे या सेवेचे परीक्षण करण्याला केवळ ऐतिहासिक कुतूहलापेक्षा अधिक कारण आहे.

एखाद्या उपकरणाचे परीक्षण करताना ते बनवणारा स्वतः कसा वागतो हे सहसा पाहिले जात नाही. येथे मात्र ते पाहावेच लागते, कारण ही सेवा एका राजकारण्याच्या आग्रहातून जन्मली आणि त्या आग्रहाला त्याने नैतिक अधिष्ठान दिले होते. निकोला सारकोझी मे २००७ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला एलिझे प्रासादात, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी, करमणूक उद्योग, इंटरनेट कंपन्या आणि सरकार यांच्यात बेकायदा डाउनलोड रोखण्याविषयी करार झाला. त्यामागचा अहवाल ‘फ्नाक’ या पुस्तके, संगीत आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू विकणाऱ्या दुकानसाखळीच्या तत्कालीन प्रमुखाच्या अध्यक्षतेखाली तयार झाला होता. कलावंताच्या श्रमाची चोरी थांबली पाहिजे, हे त्यातील तत्त्व चुकीचे नाही. १९४८ मध्ये पॅरिसमध्येच स्वीकारल्या गेलेल्या मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्याच्या २७व्या अनुच्छेदात लेखक-कलावंतांच्या नैतिक आणि आर्थिक हितांचे संरक्षण हा हक्क म्हणून नोंदवलेला आहे. मात्र त्याच अनुच्छेदाचे पहिले कलम प्रत्येकाला सांस्कृतिक जीवनात मुक्तपणे सहभागी होण्याचा हक्क देते. सारकोझींच्या सेवेत दुसरे कलम ठळक टाइपात आले आणि पहिले जवळजवळ गाळले गेले.

सेवेची मूळ रचना आजच्यापेक्षा पुष्कळ कठोर होती. तीन वेळा दोष आढळल्यास न्यायालयात न जाता प्रशासकीय प्राधिकरणानेच घरातले इंटरनेट तोडावे, अशी योजना होती. ९ एप्रिल २००९ रोजी संसदेच्या जवळजवळ रिकाम्या कनिष्ठ सभागृहात हे विधेयक १५ विरुद्ध २१ मतांनी पडले. विरोधी समाजवादी खासदार पडद्यामागे थांबून ऐन मतदानाच्या वेळी सभागृहात आले, ही त्या दिवसाची प्रसिद्ध कथा. सरकारने सुमारे महिनाभरात ते पुन्हा आणून मंजूर करून घेतले. १० जून २००९ रोजी मात्र कायदे घटनेशी सुसंगत आहेत का हे तपासणाऱ्या फ्रान्सच्या संविधान परिषदेने त्याचा कणाच काढून टाकला. १७८९च्या मानवी व नागरी हक्कांच्या घोषणापत्रातील ११व्या अनुच्छेदाने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात आजच्या काळात इंटरनेट वापरण्याचे स्वातंत्र्यही येते, ते हिरावण्याचा अधिकार प्रशासकीय कार्यालयाला देता येणार नाही, आणि ग्राहकाला आधीच दोषी धरणे निर्दोषत्वाच्या गृहीतकाशी विसंगत आहे, असे परिषदेने म्हटले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात इंटरनेटवरील अभिव्यक्तीला घटनेच्या १९व्या अनुच्छेदाचे संरक्षण असल्याचे सांगितले, त्याच्या दहा वर्षे आधीचा हा निकाल आहे. मानवी हक्कांचे माहेरघर म्हणून स्वतःची ओळख सांगणाऱ्या देशाच्या अध्यक्षाला, त्याच देशाच्या पहिल्या हक्कपत्राचा आधार घेऊन त्याचा सर्वांत लाडका कायदा परत पाठवला जावा, याहून मोठा अभिप्राय कोणत्याही परीक्षकाला देता येणार नाही. सरकारने ऑक्टोबर २००९ मध्ये दुसरा कायदा करून इंटरनेट तोडण्याचा निर्णय न्यायाधीशांकडे सोपवला आणि सेवा सुरू करण्याची तयारी केली.

प्रत्यक्ष कामाची पद्धत अशी. हक्कधारकांच्या संघटनांनी नेमलेली नाँत शहरातील ‘टीएमजी’ ही खासगी कंपनी टोरेंटच्या जाळ्यात शिरून तेथे दिसणारे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेट जोडण्यांचे ओळख-क्रमांक, टिपते. ते प्राधिकरणाकडे जातात. प्राधिकरण इंटरनेट कंपनीकडून त्या पत्त्यामागच्या ग्राहकाचे नाव मागवते आणि ईमेल पाठवते. पहिले ईमेल ऑक्टोबर २०१० मध्ये गेले. ‘फ्री’ या कंपनीने सुरुवातीला ते पुढे पाठवण्यास नकार दिला आणि सरकारला नवा आदेश काढून तिला भाग पाडावे लागले. ईमेलमध्ये दोष आढळल्याची तारीख आणि वेळ असे. कोणती कलाकृती डाउनलोड झाली ते मात्र नसे. ग्राहकाला ते हवे असेल, तर त्याने स्वतःहून प्राधिकरणाला विचारावे, अशी व्यवस्था होती. आरोप आधी आणि तपशील मागितल्यावर, हा क्रम ग्राहकसेवेच्या कोणत्याही मापाने निकृष्टच म्हणावा लागेल.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा गुन्ह्याच्या स्वरूपाचा आहे. आयपी पत्त्यावरून जोडणी कोणाची ते कळते, डाउनलोड कोणी केले ते कळत नाही. या अडचणीवर कायद्याने काढलेला तोडगा असा की, चोरीऐवजी निष्काळजीपणालाच शिक्षा करावी. आपली जोडणी सुरक्षित न ठेवणे, म्हणजे तिचा गैरवापर दुसऱ्या कोणी करू नये यासाठी पुरेशी काळजी न घेणे, हा दंडनीय अपराध ठरला आणि त्याला १५०० युरोपर्यंत दंड ठेवला गेला. काळजी घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे, हे ग्राहकाला कळावे म्हणून प्राधिकरणाने सुरक्षा-साधनांना प्रमाणपत्र द्यावे, असेही कायद्यात लिहिले होते. असे प्रमाणित साधन बाजारात कधीच आले नाही. कुलूप लावले नाही म्हणून दंड करायचा आणि कोणते कुलूप चालेल ते मात्र शेवटपर्यंत सांगायचे नाही, असा हा व्यवहार होता.

त्याचा पहिला परिणाम सप्टेंबर २०१२ मध्ये दिसला. पूर्व फ्रान्समधील एक कारागीर या कायद्याखाली शिक्षा झालेला पहिला ग्राहक ठरला. घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेल्या त्याच्या पत्नीने रिहानाची गाणी डाउनलोड केल्याचे स्वतः न्यायालयात कबूल केले. त्यामुळे पती सुटेल असे कोणालाही वाटले असते. परंतु गाणी कोणी उतरवली हा प्रश्नच नव्हता. जोडणी त्याच्या नावावर, पत्रे त्याच्या नावावर, आणि दुसरी व्यक्ती ती वापरत होती हे त्याच्याच बचावातून सिद्ध झालेले. त्याला १५० युरो दंड झाला. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे हा आपल्याकडे न्यायाच्या चुकीचा दाखला मानला जातो. येथे तो कायद्याच्या रचनेतच घातलेला होता.

आता याच मापाने निर्मात्याला मोजले पाहिजे. सारकोझींच्या यूएमपी पक्षाने जानेवारी २००९ मधील आपल्या अधिवेशनात आणि इंटरनेटवर टाकलेल्या चित्रफितींत ‘एमजीएमटी’ या अमेरिकी जोडगोळीचे गाणे परवानगीशिवाय वापरले. हादोपीचे विधेयक तेव्हा संसदेत होते. पकडले गेल्यावर पक्षाने भरपाई म्हणून एक युरो देऊ केला. एक युरो ही फ्रेंच न्यायव्यवहारात प्रतीकात्मक रक्कम असते हे खरे. परंतु ती अन्याय झालेल्याने मागायची असते, अन्याय करणाऱ्याने पुढे सरकवायची नसते. कलावंतांच्या वकिलांनी ती अपमानास्पद ठरवली आणि अखेर पक्षाने सुमारे ३० हजार युरो देऊन प्रकरण मिटवले. त्या कारागिराला मात्र कोणी तडजोडीला बोलावले नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे दुसरा हादोपी कायदा जाहीर झाला त्या महिन्यात, ‘ल कानार आँशेने’ या साप्ताहिकाने एलिझे प्रासादाविषयी बातमी दिली. सारकोझींवरील एका माहितीपटाच्या सुमारे ४०० डीव्हीडी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने परस्पर तयार करून घेतल्या होत्या, निर्मात्या कंपनीने पुरवलेल्या प्रती त्याहून कितीतरी कमी होत्या, आणि नव्या प्रतींच्या वेष्टनावरून त्या कंपनीचे नावच नाहीसे झाले होते. परवानगीशिवाय प्रती काढणे हा एक भाग. निर्मात्याचे नाव पुसणे हा त्याहून गंभीर, कारण फ्रेंच कायद्यात कर्त्याचा नैतिक हक्क हा प्रताधिकाराचा गाभा मानला जातो आणि इंग्रजी परंपरेतल्या कॉपीराइटपेक्षा आपली परंपरा श्रेष्ठ कशी, हे सांगताना फ्रेंच राजकारणी नेमके याच हक्काकडे बोट दाखवतात.

पुढचा प्रकार तर विनोदी लेखकालाही सुचला नसता. जानेवारी २०१० मध्ये सांस्कृतिक मंत्र्यांनी हादोपीचे बोधचिन्ह थाटात सादर केले. त्यातील अक्षरे ‘ब्यँव्हन्यू’ नावाच्या टंकातील निघाली. हा टंक एका नामवंत अक्षररचनाकाराने फ्रान्स टेलिकॉमसाठी तयार केलेला होता आणि तो वापरण्याचा हक्क केवळ त्या कंपनीलाच होता. बौद्धिक संपदेचे रक्षण करणाऱ्या प्राधिकरणाची पाटीच दुसऱ्याच्या बौद्धिक संपदेची. बोधचिन्ह घाईघाईने बदलले गेले आणि ते बनवणाऱ्या संस्थेने चूक झाल्याचे सांगितले. चूक झाली, लक्षात आले नाही, आता सुधारले आहे, हे स्पष्टीकरण तेथे पुरले. पुढे पत्रे मिळालेले ग्राहकही नेमके हेच सांगणार होते.

मे २०११ मध्ये टीएमजीचा एक सर्व्हर कोणत्याही संरक्षणाशिवाय इंटरनेटवर उघडा पडलेला आढळला. दुसऱ्यांच्या जोडण्या पुरेशा सुरक्षित नाहीत याचे पुरावे गोळा करणाऱ्या कंपनीचीच यंत्रणा सताड उघडी होती. प्राधिकरणाने तिच्याशी असलेली संगणकीय जोडणी काही काळ थांबवली आणि माहिती-संरक्षण आयोगाने तिला सुधारणेची नोटीस दिली. डिसेंबर २०११ मध्ये टोरेंट वापरणाऱ्यांचे आयपी पत्ते गोळा करून दाखवणाऱ्या एका संकेतस्थळावर एलिझे प्रासादाच्या नावावर नोंदलेले पत्तेही दिसले. त्या यादीवर कितपत विसंबावे याविषयी शंका घेतली गेली आणि ती रास्तच होती. प्रश्न इतकाच की, केवळ आयपी पत्त्याच्या आधारे निष्कर्ष काढणे प्रासादाच्या बाबतीत घाईचे ठरत असेल, तर लाखो घरांच्या बाबतीत ते पुरेसे कसे ठरते? पक्ष, प्रासाद, बोधचिन्ह, ठेकेदार, या साखळीतील प्रत्येक कडी त्याच निष्काळजीपणात सापडली, ज्याला कायद्याने अपराध म्हटले होते. आणि यांपैकी कोणाच्याही दारी तिसरे पत्र घेऊन पोस्टमन गेला नाही. सारकोझींचे समर्थक म्हणतील की, यांतले काहीही त्यांनी स्वहस्ते केलेले नाही. ते मान्य आहे. परंतु पत्नीने उतरवलेल्या गाण्यांसाठी पती जबाबदार, हे तत्त्व ज्यांच्या सरकारने रूढ केले, त्यांना हा बचाव शोभत नाही.

मानवी हक्कांच्या बाबतीतही जाहिरात आणि माल यांत असेच अंतर होते. ६ मे २००७ च्या विजयाच्या रात्री सारकोझींनी फ्रान्स जगातील पीडितांच्या बाजूने उभा राहील, असे वचन दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुअम्मर गद्दाफी पॅरिसला आले आणि एलिझेसमोरच्या सरकारी अतिथिगृहाच्या बागेत त्यांचा तंबू ठोकला गेला. त्यांच्या आगमनाचा दिवस १० डिसेंबर, म्हणजे नेमका मानवी हक्क दिन होता. आपला देश म्हणजे कोणा नेत्याने येऊन पायांचे रक्त पुसावे असे पायपुसणे नव्हे, असे सारकोझींच्याच सरकारातील मानवी हक्क राज्यमंत्री रामा याद यांनी वृत्तपत्राला सांगितले. फ्रेंच ‘अमेसिस’ कंपनीची इंटरनेट-टेहळणी यंत्रणा गद्दाफी राजवटीने वापरल्याचे २०११ मध्ये उघडकीस आले आणि दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, कंपनीच्या वरिष्ठांवर छळातील सहभागाबद्दल प्राथमिक आरोप ठेवले गेले. ती विक्री कंपनीची होती, तिला सारकोझींची धोरणकृती म्हणता येणार नाही. तरीही, देशातल्या वाय-फायवर एवढे बारीक लक्ष ठेवणाऱ्या राज्यव्यवस्थेला देशाबाहेर जाणाऱ्या या मालाकडे पाहायला वेळ मिळाला नाही, हे नोंदवावेसे वाटते. देशातही चित्र वेगळे नव्हते. विधेयकावर टीका करणारा ईमेल आपल्या खासदाराला पाठवणाऱ्या टीएफ वन वाहिनीच्या एका कर्मचाऱ्याचा तो ईमेल खासदाराच्या कार्यालयातून सांस्कृतिक मंत्रालयात आणि तेथून थेट त्याच्या मालकांकडे पोचला, आणि २००९ मध्ये त्याची नोकरी गेली. नागरिकाने लोकप्रतिनिधीला लिहिलेल्या खासगी पत्राची ही वाटचाल कोणत्याही प्रताधिकारापेक्षा मोठ्या हक्काचा भंग होती. २०११ च्या मे महिन्यात सारकोझींनी पॅरिसच्या त्युलरी बागेत जगभरातील इंटरनेट उद्योजकांचा मेळावा भरवला. काही दिवसांनीच संयुक्त राष्ट्रांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्यविषयक विशेष प्रतिवेदक फ्रँक ला रू यांनी मानवी हक्क परिषदेपुढे ठेवलेल्या अहवालात फ्रान्सच्या तीन टप्प्यांच्या कायद्याचे नाव घेऊन चिंता व्यक्त केली आणि प्रताधिकारभंगाच्या कारणावरून इंटरनेट तोडणे हे प्रमाणाबाहेरचे असल्याचे सांगितले.

सेवा निदान परिणामकारक होती का, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर अगदीच एकतर्फी नाही. काही अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात, कायद्याची चर्चा सुरू झाल्यावर फ्रान्समधील आयट्यून्सची विक्री तुलनेसाठी घेतलेल्या देशांपेक्षा गाण्यांत सुमारे २२.५ टक्के आणि अल्बममध्ये सुमारे २५ टक्के अधिक वाढल्याचे आढळले. भीतीचा काही उपयोग झाला, असे यावरून म्हणता येईल. परंतु सेवेची नजर केवळ टोरेंटवर असल्याने लोक स्ट्रीमिंग आणि थेट डाउनलोडच्या संकेतस्थळांकडे वळले. कायदेशीर संगीताकडे तरुणांना वळवण्यासाठी ऑक्टोबर २०१० मध्ये आणलेले २५ युरोंत ५० युरोंचे संगीत देणारे सरकारी कार्ड दहा लाखांच्या लक्ष्याच्या जवळपासही गेले नाही. इंटरनेट तोडण्याची शिक्षा जुलै २०१३ मध्ये, सारकोझींचा पराभव होऊन वर्ष उलटल्यावर, रद्द करण्यात आली. २०२० मध्ये फ्रेंच पत्रकारांनी मांडलेल्या हिशेबानुसार या प्राधिकरणावर सुमारे ८ कोटी २० लाख युरो सार्वजनिक पैसा खर्च झाला आणि वसूल करायचा ठरलेला एकूण दंड सुमारे ८७ हजार युरोंचा होता. प्राधिकरणाचे म्हणणे असे की, आमचे काम दंड करण्याचे नसून समज देण्याचे आहे आणि बहुतेक ग्राहक पहिल्याच पत्रानंतर थांबतात. हे म्हणणे मान्य केले तरी चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला लागल्याचे दिसते, आणि मुख्य म्हणजे त्या दंडातून संगीतकाराच्या हाती काही पडत नव्हते. तो सरकारी तिजोरीत जमा होत होता.

पाचपैकी दीड तारा द्यावा, असे माझे मत आहे. एक तारा संविधान परिषदेने दुरुस्त करून दिलेल्या भागासाठी आणि अर्धा पहिल्या ईमेलच्या सौम्य, समजावणीच्या सुरासाठी, जो खरोखरच धमकीचा नसे. कलावंताचा हक्क ही खरी आणि मोलाची गोष्ट आहे, म्हणूनच तिच्या नावाने चाललेल्या या सेवेला अधिक तारे देणे मला अवघड वाटते.

सेवा अद्याप चालू आहे. युरोपीय न्यायालयाने ३० एप्रिल २०२४ च्या निकालात, काही अटी घालून, आयपी पत्त्यांवरून ग्राहकाची ओळख पटवण्यास परवानगी दिली आहे, आणि पुढच्या टप्प्यावर स्वतंत्र पूर्वतपासणीची अपेक्षा ठेवली आहे. टोरेंटमध्ये डाउनलोड करता करता आपला संगणक तीच फाइल इतरांना पुरवतही असतो, हे घरातल्या सर्वांना आधीच सांगितलेले बरे. तरीही एखाद्या मराठी विद्यार्थ्याच्या नावावर पत्र आलेच, तर प्रथम ते खरे आहे का हे आर्कोमच्या अधिकृत संकेतस्थळावरून तपासावे, कारण अशा पत्रांच्या नावाने पैसे उकळणारे बनावट ईमेलही फिरतात. पहिल्या किंवा दुसऱ्या पत्रासोबत कोणतीही रक्कम भरायची नसते. कोणत्या कलाकृतीबद्दल पत्र आले आहे ते त्यात नसेल, तर लेखी विचारावे. वाय-फायचा पासवर्ड बदलावा, घरातील इतरांना तसे ईमेलनेच कळवावे आणि तो ईमेल जपून ठेवावा, कारण या कायद्यापुढे प्रश्न डाउनलोड कोणी केले हा नसतो, आपण काळजी घेतली होती हे दाखवता येते का, हा असतो.